चेंडू वळतो, पण नेमका कुठे?

बोलिंग म्हणजे इथे क्रिकेटची गोलंदाजी नव्हे; लांब गुळगुळीत पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड चेंडू सोडून टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना पाडायचा खेळ. त्याच्या नव्या चेंडूच्या जाहिरातीत एक आकडा हमखास असतो: हुक पोटेन्शियल. चेंडू किती वळू शकतो त्याचे गुण. आकडा मोठा म्हणजे चेंडू भारी, असं धरून लोक विकत घेतात. आणि हा चेंडू मुळात वळतो कशामुळे, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "आत एका बाजूला जड गोळा असतो, तो ओढून नेतो." मला या दोन्ही गोष्टी खटकतात. तो आकडा लेनची स्थिती सांगितल्याशिवाय जवळजवळ निरर्थक आहे, आणि आतल्या गोळ्याचं काम भलतंच आहे.

हात सुटल्यानंतर चेंडूला आडवं ढकलू शकेल असं तिथे एकच बल उरतं, ते म्हणजे लेनचं घर्षण. आतलं वजन कसंही वाटलेलं असो, घर्षण शून्य असेल तर चेंडू सरळ रेषेतच जाणार. म्हणून चेंडूची पारख करायची तर आधी लेनकडे बघावं लागतं.

चेंडू जिच्या अलीकडून सोडायचा त्या रेषेपासून, म्हणजे फाउल लाइनपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर. रुंदी सुमारे १.०५ मीटर, तीत शेजारी शेजारी ३९ पट्ट्या. लाकडाच्या लेनची झीज होऊ नये म्हणून त्यांना पूर्वी तेल लावत. आज बऱ्याच लेन कृत्रिम आहेत, पण तेल राहिलं, आणि खेळाची सगळी गंमत त्यानेच व्यापली. यंत्राने साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल पसरतात, पुढचे २० फूट कोरडे सोडतात. एका लेनला लागतं किती? वीस-तीस मिलिलिटर. पंचवीस मिलिलिटर तेल १२ मीटर लांब आणि १.०५ मीटर रुंद जागेत सारखं पसरलं असं धरा आणि भागाकार करा: थराची जाडी येते सुमारे २ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या पंचवीस-तीसपट जाड असतो. एवढ्या पापुद्र्यावर सगळा खेळ चालतो, आणि तो डोळ्यांना धड दिसतही नाही.

शिवाय हे तेल सारखं पसरलेलं नसतं. रोजच्या खेळासाठीच्या लेनवर मध्ये भरपूर आणि कडेला अगदी कमी, दहास एक या प्रमाणाच्या आसपास. यात खेळाडूला सवलत असते: चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर पकड मिळून आत येतो, चुकून आत गेला तर तेलावर घसरत तिथेच राहतो. स्पर्धेच्या कडक मांडणीत हे प्रमाण तिनास एक किंवा त्याहूनही कमी असतं. मग चूक ती चूकच. रोजच्या लेनवर जादू करणारा चेंडू स्पर्धेत एकाएकी "बिघडतो" तो यामुळे.

आता मला सर्वात आवडणारा भाग. थोडा जड आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू टाकला. वेग सेकंदाला ८ मीटर, फिरकी मिनिटाला ३०० फेरे, आणि फिरकीची दिशा पुढे व डावीकडे यांच्या बरोबर मधोमध, ४५ अंशांवर. चेंडूची त्रिज्या सुमारे १०.९ सेंटिमीटर, म्हणजे फिरकीमुळे त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ३.४ मीटर. चेंडूची धाव ८ आणि फिरकी ३.४, दोन्ही जुळत नाहीत, त्यामुळे चेंडू लोळत नाही, घसरतो. चिखलात अडकलेल्या गाडीचं चाक फिरतं पण गाडी हलत नाही, त्याची ही उलटी बाजू: इथे गाडी पळतेय आणि चाक मागे पडलंय. लेनला टेकलेला चेंडूचा बिंदू पुढे आणि थोडा उजवीकडे घासत जातो. घर्षण त्याच्या उलट, म्हणजे मागे आणि थोडं डावीकडे. मागच्या भागाने वेग कमी होतो, डावीकडच्या भागाने चेंडू वळतो. त्याच घर्षणाच्या पिळाने फिरकीही वाढत जाते आणि पुढच्या दिशेला झुकते. धाव आणि फिरकी जुळली की घासणं संपतं. चेंडू लोळू लागतो आणि वळणं थांबतं.

गंमत पुढे आहे. घर्षणाचं बल लेनच्या पृष्ठभागातच असतं. त्यामुळे टेकलेल्या बिंदूच्या मार्गावरच्या एखाद्या बिंदूभोवती कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) मोजला, तर त्याचा आडवा भाग घर्षणाला बदलता येत नाही. बलाला तिथे भुजाच, म्हणजे पिळायला तरफेसारखं अंतरच, मिळत नाही. म्हणजे लोळू लागल्यावर चेंडूचा वेग आणि दिशा काय असेल, हे हात सुटताक्षणीच ठरलेलं असतं. घर्षण जास्त असो की कमी, शेवट तोच. याचं सर्वात साधं रूप: एकजिनसी गोळा फिरकी न देता सरपटत सोडला, तर लोळू लागेपर्यंत त्याचा वेग मूळच्या ५/७ होतो. लेन गुळगुळीत असो वा खरखरीत, ५/७ म्हणजे ५/७. घासण्याची दिशाही शेवटपर्यंत बदलत नाही, म्हणून घर्षण एकसारखं असेल तोवर चेंडूचा मार्ग पॅराबोला असतो. गास्पार कोरिओलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या चेंडूंसाठी हे गणित मांडलं. बोलिंगच्या चेंडूत वजनाची वाटणी जरा वेगळी असते, त्यामुळे ५/७ ऐवजी ०.७४ च्या आसपास येतं, एवढाच फरक. चेंडूचं वजन तर समीकरणातून गळूनच जातं.

वरच्या फेकीसाठी हिशेब केला तर लोळताना वेग येतो सेकंदाला साधारण ६.६ मीटर आणि दिशा डावीकडे साडेपाच अंश.

मग घर्षण करतं काय? ते ठरवतं *कुठे*. तेलावर घर्षणाचा गुणांक ०.०४ आणि कोरड्यावर ०.२ धरा, अशा अभ्यासांत साधारण हेच आकडे घेतात. बारा मीटर तेलावर आपला चेंडू जेमतेम वळतो, घासण्याचा बराच भाग शिल्लक ठेवतो. कोरड्यावर आला की अर्ध्या सेकंदात, साडेतीन-चार मीटरांत, उरलेलं घासणं संपवून लोळू लागतो आणि शेवटचे अडीच मीटर सरळ जातो. एकूण डावीकडे सरकला सुमारे ६५ सेंटिमीटर. आता तीच फेक तेल अजिबात नसलेल्या लेनवर करा. चेंडू सहा मीटरांतच लोळू लागतो. कोन तोच साडेपाच अंश, वेगही तोच. पण त्या तिरक्या रेषेत त्याला अजून बारा मीटर जायचंय. डावीकडे सरकतो जवळजवळ १.४ मीटर. लेनच १.०५ मीटरची आहे, तेव्हा चेंडू लेनच्या कडेच्या गटारात. आणि सगळी लेन तेलाने माखली तर? शेवटपर्यंत घासणं संपतच नाही, कोन तीन अंशांच्या आसपास अडकतो.

"लवकर वळलेला चेंडू थकतो" असं खेळाडू म्हणतात. आदर्श गणितात तो थकत नाही; घर्षणाला जेवढा वेग खायचा तेवढा ते दोन्हीकडे खातं. हातातून जातं ते चेंडू कुठून पिनांवर येणार याचं नियंत्रण.

कोनाला एवढं महत्त्व का? सात किलोचा चेंडू दीड किलोच्या पिनेवर आदळला की तोही बाजूला ढकलला जातो. उत्तम स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पडतात तेव्हा, चेंडू स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या पिना पिनाच पाडतात. त्यासाठी चेंडू एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या खाचेत सुमारे सहा अंशांनी शिरावा लागतो. लेनच्या कडेवरून सरळ फेकला तरी कोन जेमतेम दीड अंशाचा मिळतो. म्हणून वळवायचा.

आता चेंडूकडे. त्याची पकड सर्वात जास्त ठरते ती बाहेरच्या पृष्ठभागावर. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या नियामक संस्थेने बऱ्याच घटकांची तुलना केली, तेव्हाही पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणाच वरचढ ठरला. कारण सरळ आहे. तेलाचा थर दोन मायक्रॉनचा, आणि घासकागद मारलेल्या चेंडूवरचे उंचवटे मायक्रॉनच्याच घरातले. ते तेलातून आरपार जाऊन लेनला टेकतात. चकचकीत चेंडू तेलावर तरंगत राहतो. ५०० नंबरच्या (खरखरीत) घासकागदाने घासलेला आणि ४००० नंबरने (अगदी बारीक) घासून मग पॉलिश केलेला, एकाच कंपनीचे एकाच नावाचे हे दोन चेंडू वागण्याने दोन वेगळे चेंडू असतात. आता सांगा, खोक्यावरचा तो एक आकडा यांतल्या कुठल्या चेंडूचा?

पदार्थही बदलत गेला: लाकूड, रबर, पॉलिस्टर, युरेथेन, आणि १९९०च्या दशकापासून तेल शोषून घेणारं रिअॅक्टिव्ह रेझिन. डॉन मकून या व्यावसायिक खेळाडूने १९७३ साली प्लास्टिकचा चेंडू रसायनात भिजवून मऊ केला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मऊ पृष्ठभाग लेनला जास्त चिकटतो. त्यानंतर चेंडूच्या कठीणपणाला किमान मर्यादा आली.

आणि तो बदनाम आतला गोळा? त्याचं खरं काम असं: वजनाची वाटणी सगळ्या बाजूंनी सारखी नसल्याने फिरकीचा अक्ष चेंडूत हळूहळू सरकत जातो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात लेनला नवी, बिनतेलाची जागा टेकते. चेंडू परत आला की त्यावर तेलाची वलयं पंख्यासारखी पसरलेली दिसतात, ती याचीच खूण. गोळा चेंडूला ओढत नाही, त्याला कोरडा ठेवतो. वजन ज्या बाजूला जास्त तिकडे चेंडू झुकतो, हा परिणाम त्यापुढे किरकोळ. पूर्वी वजनाचा तोल साधायला चेंडूला एक जादा भोक पाडत. ऑगस्ट २०२० पासून त्या नियामक संस्थेच्या नियमांत ते बाद झालं. त्याने कुणाचं वळण बंद पडल्याचं दिसलं नाही.

चेंडू सुटल्यावर कंबर वाकवून, हात हलवून त्याला डावीकडे बोलावणारे खेळाडू सगळीकडे दिसतात. त्याचा उपयोग कोनीय संवेगाने वर सांगितलाच आहे. "लकी" चेंडूही तसाच. बहुधा त्याचा पृष्ठभाग त्या दिवशीच्या तेलाला जुळलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यात तेलाची मांडणी बदलली की नशीबही बदलतं.

तर मग चेंडू तपासायचा कसा? माणसाच्या हाताची अडचण अशी की दोन फेकी कधीच सारख्या नसतात. म्हणून त्या संस्थेने 'अर्ल' नावाचा फेकणारा यंत्रमानव ठेवलाय. वेग, फिरकी, अक्ष सगळं ठरवून देता येतं. पण यंत्रमानवालाही लेन जशीच्या तशी ठेवता येत नाही. प्रत्येक चेंडू थोडं तेल उचलतो, थोडं पुढे कोरड्यावर नेतो. रेझिनचा चेंडू तर पिऊनच टाकतो. विसाव्या फेकीची लेन पहिल्या फेकीची नसते. "हा चेंडू दुपारी चांगला चालला" या वाक्यातून चेंडूबद्दल फार काही कळत नाही. निदान ओळखीचा एक जुना चेंडू सोबत घ्या आणि दोन्ही आलटून पालटून टाका, म्हणजे तेलाचा बदल दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो. घासकागदाचा नंबर लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि गुण देण्याऐवजी मोजा. मोबाइलच्या स्लो मोशनने हे जमतं. चेंडूचा परीघ सुमारे ६८ सेंटिमीटर. तो नुसता लोळत असेल तर एका फेऱ्यात बरोबर ६८ सेंटिमीटर पुढे जाणार. त्याहून जास्त गेला तर अजून घसरतोय. वरच्या उदाहरणात सुरुवातीला एका फेऱ्यात चेंडू १.६ मीटर जातो. चेंडूवर पांढरी चिकटपट्टी लावा, बाजूने चित्रण करा, फेरे आणि अंतर मोजा, आणि हा आकडा ६८ वर कुठे येतो ते टिपा. हाच तो बिंदू जिथे वळण संपतं. पिनांच्या दोन-तीन मीटर आधी आला तर चेंडू या तेलाला योग्य आहे. लेनच्या मध्यावर आला तर पृष्ठभाग फार खरखरीत आहे, पॉलिश करा किंवा मधल्या जाड तेलावरून टाका. आलाच नाही तर चेंडू घासकागदाने घासा. आणि तीन गेम झाल्यावर पुन्हा मोजा. मधलं तेल उडाल्याने तो बिंदू बहुतेक वेळा फाउल लाइनच्या दिशेने सरकलेला असतो, रेझिनच्या चेंडूंनी खेळलेल्या लेनवर तर अधिकच.