रिन्युएबल एनर्जीत पीजी, तेही नोकरी सांभाळून: कोणाला जमतं, कागदं काय लागतात

बीड-धाराशिवकडच्या माळावर पवनचक्क्या फिरायलेत, वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सौर कृषी वाहिनीचा ३ मेगावॅटचा प्लांट चालू झाला, गावोगावी सोलर पंप बसायलेत, त्यामुळं इकडची बीएस्सी-बीई झालेली पोरं विचारायलेत की याच लाईनमधी डिस्टन्सनं पीजी होतं का. होतं. पण आधी डिग्रीचं नाव बघा, फीचं नंतर.

कारण डिस्टन्स एमटेक नावाची गोष्ट धरूच नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांत इंजिनिअरिंगचे कोर्स डिस्टन्सनं किंवा ऑनलाइन चालवायला मनाई आहे. कोणी फोन करून "रिन्युएबल एनर्जी एमटेक, घरी बसून, परीक्षेची पण गरज नाही" म्हणलं की फोन ठेवायचा. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं चार डीम्ड युनिव्हर्सिट्यांच्या डिस्टन्स इंजिनिअरिंग डिगऱ्यांवर निकाल दिला, त्यात २००१ ते २००५ च्या प्रवेशवाल्यांच्या डिगऱ्या अडकवून त्यांना परत परीक्षा द्यायला लावली आणि त्याच्या पुढच्या बॅचेसच्या तर सरळ रद्दच केल्या. पैसे गेले ते गेले, वर नोकरीतलं प्रमोशन गेलं लोकांचं.

मग उरतं काय, तर एमएस्सी आणि पीजी डिप्लोमा. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, रिन्युएबल एनर्जी अँड एन्व्हायर्नमेंट या विषयात एमएस्सी आहे, आपल्यासारख्याला तीच जवळची. दुसरा रस्ता म्हणजे फिजिक्स किंवा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करायची आणि सोबत एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीवाल्यांचे सोलरचे कोर्स करायचे, ते शिकायला फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र संभाजीनगरला पण आहे आणि नांदेडला पण, तिथं जाऊन या वर्षी कोणत्या एमएस्सीला प्रवेश चालू आहेत ते समोरासमोर विचारून घ्या.

युनिव्हर्सिटी कोणतीही असो, यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या म्हणजे डीईबीच्या साइटवर तिचं नाव काढा आणि तुमचा कोर्स, तुमचं सेशन त्या यादीत आहे का बघा. युनिव्हर्सिटीला मान्यता असणं वेगळं आणि तुमच्या कोर्सला असणं वेगळं, इथंच लई लोक फसतात. अजून एक, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला फ्रँचायझीनं स्टडी सेंटर चालवता येत नाही, तेव्हा गल्लीतल्या क्लासवाल्यानं कितीही मोठा बोर्ड लावला तरी ॲडमिशन डायरेक्ट युनिव्हर्सिटीच्याच पोर्टलवर करा.

पात्रता तशी साधी आहे. ग्रॅज्युएशन पाहिजेच. नुसता पॉलिटेक्निकचा डिप्लोमा चालत नाही, मग साइटवरचा अनुभव दहा वर्षांचा का असेना. बीएस्सीला कोणते विषय होते याची अट कोर्सप्रमाणं बदलते, म्हणून प्रॉस्पेक्टसमधी पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा, बीए-बीकॉमवाल्यांनी तर आधी तेच वाचा. इग्नूला वयाची वरची मर्यादा नाही. आणि आधीच एखादी रेग्युलर डिग्री चालू असली तरी २०२२ पासून यूजीसीनं सोबत दुसरी डिस्टन्सनं करायला परवानगी दिलेली आहे.

आता खरं काम. फॉर्म भरायच्या आधी डीईबी आयडी काढावा लागतो, २०२४ च्या प्रवेशांपासून तो कम्पल्सरी झालाय, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा १२ आकडी नंबर, तो डिजिलॉकरमधून निघतो, आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. म्हणजे सगळं फिरून आधारवर येतं. आधारला जे नाव तेच पुढं जातं, म्हणून आधारवर "शेख अ. रहीम" आणि मार्कशीटवर "शेख अब्दुल रहीम" असलं की गाडी तिथंच अडकली समजा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंना हे जास्त नडतं. बीएस्सीची कागदं माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, अशा वेळी मॅरेज सर्टिफिकेट किंवा नाव बदलल्याचं गॅझेट हाताशी ठेवा, आणि आधार दुरुस्त करायचं असलं तर शेवटच्या तारखेची वाट बघू नका. आधारला मोबाईल लिंक आहे का ते पण बघा, ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि बऱ्याच जणांचा तो नंबर कधीच बंद पडलेला असतो. डीईबी आयडी एकदा निघाला की कायमचा, पुढच्या कोर्सला परत काढायची गरज नाही.

इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा असतात, जानेवारी सेशनचे आणि जुलै सेशनचे. ऑनलाइन फॉर्मला फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, बाकीची कागदं प्रत्येकी २०० केबीच्या आत. वयाचा पुरावा म्हणून दहावीचं सर्टिफिकेट, मग डिग्री आणि मार्कशीट, जात लावणार असाल तर जातीचा दाखला, बीपीएल असाल तर त्याचा. मोबाईलनं काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो दाबून दाबून २०० केबीत बसवताना मार्क वाचायलाच येत नाहीत असं होतं, तेव्हा सरळ स्कॅनरवर ब्लॅक अँड व्हाईट काढा. ओरिजिनल डिग्री युनिव्हर्सिटीतनं उचललीच नसेल तर आजच अर्ज टाका. फी ऑनलाइनच भरायची, एजंटच्या फोनपेवर नाही, आणि पावतीची पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा, सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर सोडून येऊ नका. यूजर आयडी-पासवर्डचं पण तसंच.

प्रवेश झाला म्हणजे झोपायचं असं नाही. असाइनमेंट वेळेत द्याव्या लागतात, प्रॅक्टिकल असलेल्या पेपरला लॅबमधी हजर राहावंच लागतं आणि ते सेंटर तुमच्या जिल्ह्यात असेलच असं काही नाही, तेव्हा रजेचं आधीच साहेबांशी बोलून ठेवा. दोन वर्षांच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन आपण होऊन करायचं असतं, पहिल्या वर्षाचा रिझल्ट लागो न लागो.

ज्यांचा डोळा एनर्जी ऑडिटरच्या, म्हणजे कारखान्यात-इमारतीत ऊर्जा कुठं वाया जाते ते तपासायच्या कामावर आहे त्यांनी एक लक्षात घ्या. बीईईच्या म्हणजे केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या त्या परीक्षेच्या पात्रतेत इंजिनिअरिंगशिवाय फिजिक्स, केमिस्ट्री नाहीतर इलेक्ट्रॉनिक्समधली पीजी मोजतात, तेही अनुभव धरून. तिकडंच जायचं ठरलं असेल तर एमएस्सीचा विषय निवडतानाच बीईईची अट समोर ठेवा, रिन्युएबलची एमएस्सी हातात आल्यावर नाही.