हाय ब्रिजचे छायाचित्र

अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) अखेरीस अंशतः जळालेल्या ‘हाय ब्रिज’ या रेल्वे पुलाचे छायाचित्र. पूल व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिलजवळ, अ‍ॅपोमॅटॉक्स नदीवर, साउथसाइड रेल्वेमार्गावर होता. छायाचित्रकार टिमथी ओसलिव्हन (सु. १८४०–८२). त्याचा जन्म आयर्लंडचा की न्यूयॉर्कचा, याविषयी मतभेद आहेत.

विटांच्या २१ उंच खांबांवर लाकडी कैच्या (त्रिकोणी जोडणीचे सांगाडे) टाकून हा पूल १८५०च्या दशकाच्या पूर्वार्धात उभारला गेला. लांबी सु. २,४०० फूट (सु. ७३० मी.). उंचीचे आकडे मात्र जुळत नाहीत: काही ठिकाणी १६० फूट, तर बहुतेक ठिकाणी सु. १२५ फूट अशी नोंद आढळते. यांपैकी दुसरा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. रेल्वे पुलाखाली, नदीच्या पात्रालगत, गाड्याघोड्यांसाठी एक ठेंगणा लाकडी पूल होता. छायाचित्राची चर्चा करताना याच पुलाचा विसर पडतो. वास्तविक युद्धाच्या दृष्टीने महत्त्व त्याचेच.

६ एप्रिल १८६५ रोजी संघराज्याची (उत्तरेच्या पक्षाची) एक तुकडी थिओडोर रीड याच्या नेतृत्वाखाली पूल जाळण्यासाठी आली. दक्षिणेच्या घोडदळाने तिचा पराभव केला. रीड मारला गेला. दुसऱ्याच दिवशी भूमिका उलटल्या. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचे सैन्य पश्चिमेकडे माघार घेत पलीकडे गेले आणि त्याच्या पिछाडीने पूल पेटवले. रेल्वे पुलाचे चार गाळे (खांबांमधील भाग) जळाले. खालच्या पुलाला मात्र उशिरा आग लागली. आदेश वेळेवर न मिळाल्याने हा विलंब झाला, असे सामान्यतः मानले जाते. दोष कोणाचा, यावर दक्षिणेच्या अधिकाऱ्यांत पुढे वाद झाला. संघराज्याच्या सैनिकांनी पाणपिशव्या, खोकी, तंबूचे कापड, जे हाती लागेल त्याने पाणी आणून ती आग विझवली. संघराज्याचा सेनानी हंफ्रीझ याचे दुसरे कोअर (मोठा सैन्यविभाग) त्या पुलावरून पार झाले आणि नदी मध्ये घालून पाठलाग तोडण्याचा ली याचा बेत फसला. त्याच संध्याकाळी फार्मव्हिलहून संघराज्याचा सरसेनापती ग्रँट याने लीला शरणागतीविषयी पहिले पत्र पाठवले. ९ एप्रिलला ली शरण आला.

छायाचित्र सामान्यतः एप्रिल १८६५ मधील मानले जाते. ते लढाईनंतरचे आहे. त्या काळच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर द्रव पसरून, ती ओली असतानाच प्रकाशचित्रण व विकसन उरकावे लागे. म्हणून छायाचित्रकाराबरोबर अंधारी गाडी असे. ही काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने आकाश बहुधा कोरे पांढरे उमटे, आणि त्यावर विटांचे खांब व कैच्यांचे जाळे रेखल्यासारखे उठून दिसे.

छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या युद्धचित्रसंग्रहात १०० छायाचित्रे आहेत. त्यांत हे ९८वे. निगेटिव्हचे श्रेय ओसलिव्हनला आणि त्यावरून कागदावर काढलेल्या छाप्याचे श्रेय गार्डनरला स्वतंत्रपणे दिले आहे. छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडीच्या नावाखाली इतरांची कामे प्रसिद्ध होत असताना ही पद्धत उल्लेखनीय ठरते. संग्रहात यानंतर शरणागती झाली त्या मॅक्लीन यांच्या घराचे चित्र येते.

१९१४ मध्ये शेजारी पोलादी पूल बांधला गेला. २०१२ पासून तो पादचारी व सायकलस्वारांसाठी खुला असून त्यावरून जुन्या विटांच्या खांबांचे अवशेष दिसतात.