आषाढात या!

सोलापुरातून नान्नजवरून बार्शी गाठली की पुढं बालाघाटचे डोंगर दिसू लागतात. डोंगर म्हणायचं आपलं. घाटमाथ्यावरचा माणूस त्यांना टेकाडंच म्हणेल. पायाखाली मुरूम, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि माथ्यावर पवनचक्क्या, म्हणजे इकडच्या भाषेत पंखे. दिवाळीनंतर चढलो तेव्हा निम्मे पंखे नुसते उभे होते. शेरडं राखणारे आजोबा म्हणाले, "आत्ता काय बघताव? आषाढात या. टोपी ठरत न्हाई डोक्यावर."

पंखा बंद दिसला की लोक म्हणतात, बिघडला. बहुतेक वेळा मामला वाऱ्याचा असतो. वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनावर ठरते: वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश. सेकंदाला साधारण 3 मीटरच्या खाली वारा आला की वीज मिळतच नाही. उलट 25 मीटरच्या पुढं गेला, तर यंत्र मोडू नये म्हणून पात्यांची कड वाऱ्याकडे करून पंखा थांबवतात.

माथाच का निवडतात, तेही या घनातच आहे. चढणीला अडलेली हवा माथ्यावरून दाटीवाटीनं, म्हणून जोरात जाते. पायथ्याचा 5 मीटरचा वारा वर 6.5 झाला, तरी शक्ती दुपटीहून जास्त होते. ती सगळी मात्र काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा पात्यामागं थबकेल आणि नव्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. फार तर 59.3 टक्के शक्ती काढता येते, ही मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी 1919 मध्ये मांडली.

आणि आषाढातला वारा? तो नैर्ऋत्येकडून येतो, पाणी सह्याद्रीवर टाकून. ढग पळवतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, तोच पंखे गरगर फिरवतो.

पंख्याच्या बुंध्याशी बसून मोज्यातली कुसळं काढली. एका कुसळाच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब टाकला, तर ती तळहातावर हळूहळू उलगडत फिरू लागली. शेपटीतले थर ओलाव्यानं कमी-जास्त फुगतात, त्यामुळं पीळ सुटतो. वाळली की पुन्हा बसतो. असं फिरतच बी जमिनीत घुसतं. टोकाजवळचे उलटे केस त्याला मागं सरकू देत नाहीत. मोज्यातूनही नाही!

वरचं पातं संथ वाटतं, पण ते फसवं आहे. 50 मीटरचं पातं मिनिटाला 15 फेऱ्या मारत असेल, तर टोक ताशी 280 किलोमीटरनं धावतं. पक्ष्यांना त्याची भीती असतेच. माळढोक या माळरानावरच्या पक्ष्याला मात्र मोठी भीती वीज नेणाऱ्या तारांची. नान्नजचं अभयारण्य 1979 पासूनचं, याच पक्ष्यासाठीचं. नर 15 किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं. तार दिसेपर्यंत एवढं वजन वळवायला वेळ उरत नाही. तारांवर ठळक चकत्या टांगल्या तर धडका कमी होतात.

उतरताना मान वर करून बघत आलो. पायथ्यापर्यंत एकही चकती दिसली नाही.