अबशालोमाने न्याय केला की सूड घेतला?

बायबलमधली अबशालोमाची गोष्ट (२ शमुवेल, अध्याय १३ ते १८) निघाली की कोणी ना कोणी म्हणतंच, बरोबर केलं त्याने, सावत्र भावाला मारून बहिणीला न्याय मिळवून दिला. मला ते अजिबात पटत नाही. तो सूड होता. राग दोन्हीकडे सारखाच असतो म्हणून गल्लत होते.

दावीद राजाचा थोरला मुलगा अम्नोन, त्याने आजारी पडल्याचं नाटक करून सावत्र बहीण तामारला खोलीत बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार केला. ती डोक्यावर राख टाकून, झगा फाडून, मोठ्याने रडत बाहेर पडली, म्हणजे तिला काही लपवायचं नव्हतं, सगळ्यांनी ऐकावं असंच होतं ते. न्यायाची सुरुवात अशीच उघड होते. आणि सख्खा भाऊ अबशालोम तिला काय सांगतो? गप्प राहा, तो भाऊ आहे तुझा, मनाला लावून घेऊ नकोस! दावीद खूप संतापला, पण राजा असून अम्नोनला शिक्षा केली नाही, आणि माझ्या मते सूडाला वाट तिथेच मिळाली.

सूडाला गुपचूप राहणं लागतं. २ वर्षं अबशालोम अम्नोनशी बरं-वाईट एक शब्द बोलला नाही, मग मेंढरांची लोकर कातरायच्या वेळी बाल-हासोरला सगळ्या राजपुत्रांना बोलावलं आणि अम्नोनला दारू चढल्यावर नोकरांकडून मारून टाकलं. पण ती आजाराची आयडिया ज्याने दिली तो चुलतभाऊ योनादाब? तो सुटला, उलट दावीदाला धीर द्यायला तोच पुढे, की सगळे नाही हो, एकटा अम्नोनच मेलाय. न्याय झाला असता तर त्यालाही जाब द्यावा लागला असता ना.

पुढे तर अबशालोम नगराच्या वेशीपाशी उभा राहून लोकांना सांगायचा, मी न्यायाधीश असतो तर तुम्हाला न्याय दिला असता. शब्द न्यायाचा, डोळा बापाच्या गादीवर. शेवटी बापाविरुद्ध बंड, एफ्राइमच्या रानात लढाई, २०,००० माणसं मेली, त्याचं डोकं झाडात अडकलं, खालचं खेचर निघून गेलं आणि दावीदाचा सेनापती यवाब याने त्याला लटकत असतानाच भोसकलं. दावीद रडत म्हणतो, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर!

आणि तामार? ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली, एवढंच लिहिलंय. अम्नोनला मारायच्या आधी तिला कोणी विचारलं नाही आणि मारल्यावर तिला काय वाटलं तेही कुठे नाही.