टेकड्या राखल्या, शेते राहून गेली : पुण्याच्या वेशीवरील गृहप्रकल्पांना होणाऱ्या विरोधाची पार्श्वभूमी

मांजरी, वाघोली, सूस, म्हाळुंगे, उंड्री-पिसोळी, हांडेवाडी या पट्ट्यात उरल्यासुरल्या शेतजमिनीवर नवा गृहप्रकल्प जाहीर झाला की आसपासचे रहिवासी हरकत घेतात आणि त्यांच्यावर लगेच एक आक्षेप येतो : तुमच्या इमारतीही कालपरवापर्यंत शेतातच होत्या, मग आता दार का लावून घेता? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याने विषय संपत नाही. पुण्याने आपल्या टेकड्यांसाठी चार दशके निष्ठेने भांडून बरेच काही राखले. सपाट, ओलिताखालच्या शेतीसाठी मात्र तसा लढा कधी उभाच राहिला नाही. आजच्या विरोधाची मुळे त्या दुर्लक्षात आहेत.

ही जमीन मुळात साधी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याला धरण बांधले गेले आणि मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसर, मांजरी, लोणी काळभोर असे पूर्वेकडे गेले. पुणे कॅम्पाची आणि शहराची तहान भागवणे हा एक हेतू होता, तर दुष्काळी पट्ट्यात बागायत उभी करणे हा दुसरा. त्या पाण्यावर ऊस आला, भाजीपाला आला, आणि पुण्याच्या मंडईचा मोठा भाग अनेक पिढ्या याच गावांनी सांभाळला. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्था मांजरीतच आहेत, यावरून तिथल्या मातीचा आणि शेतीच्या परंपरेचा अंदाज यावा.

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यानंतर पूरग्रस्तांसाठी घाईने वसाहती वसवाव्या लागल्या आणि शहर पेठांबाहेर वेगाने पसरू लागले. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आला आणि जमिनीच्या वापराचा निर्णय नकाशावरील रंगांनी होऊ लागला. निवासी विभाग पिवळा, शेती विभाग हिरवा. टेकड्यांच्या बाबतीत डोंगरमाथा आणि डोंगरउतार यांना स्वतंत्र निर्बंध मिळाले, उद्यानांसाठी आरक्षणे पडली. शेती विभागाला मात्र स्वतःचे असे प्रयोजन कोणी दिले नाही. निवासी, औद्योगिक, व्यापारी असे सगळे ठरवून झाल्यावर जे शिल्लक राहील ते हिरवे, अशीच त्याची अवस्था होती. अशी शिल्लक जमीन पुढच्या आराखड्यासाठी राखून ठेवलेला साठा मानली जाणे ओघानेच आले.

१९८२ चा प्रारूप आराखडा आणि १९८७ मध्ये मंजूर झालेला विकास आराखडा यांच्या काळापासून पुण्यातील नागरिक टेकड्यांवरील बांधकामाविरुद्ध संघटित होत गेले. १९९७ मध्ये महापालिकेची हद्द वाढली. त्यातून पुढे कायम राहिलेल्या तेवीस गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यान, म्हणजेच बीडीपी, हे आरक्षण प्रस्तावित झाले. बिल्डर, जमीनमालक, राजकीय पक्ष आणि पर्यावरणप्रेमी यांच्यात त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने सुमारे ९७८ हेक्टरवरील हे आरक्षण मान्य केले. नागरिकांच्या हरकतींनी काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

त्याच काळात सपाटीवर काय घडत होते? हडपसरला मगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून, स्वतः भागधारक होऊन नगर वसवले. जमीन विकून पैसे उधळण्यापेक्षा हा मार्ग निःसंशय शहाणपणाचा होता आणि त्याचे कौतुक योग्यच झाले. पण या यशाने शेतीचे भवितव्य म्हणजे टाऊनशिप हे समीकरणही पक्के केले. पुढे विशेष नगरवसाहतीचे धोरण आले आणि सलग ४० हेक्टर जमीन जमवणाऱ्याला शेती विभागातही वसाहत उभारता येऊ लागली. ज्यांच्याकडे एवढी जमीन नव्हती, त्यांच्या शिवारात गुंठेवारीचे, म्हणजे शेताचे लहान तुकडे पाडून विकण्याचे, प्लॉटिंग झाले : चुन्याची आखणी, मध्ये कच्चा रस्ता, आणि सातबाऱ्यावर अजूनही ज्वारी. २००१ च्या कायद्याने अशी गुंठेवारी नियमित करण्याची वाट मिळाली, आणि नियमित होण्याची ही मुदत नंतरही वाढवली गेली. हिंजवडीला आयटी पार्क आल्यावर माण, म्हाळुंगे, सूस या बाजूलाही हेच झाले.

महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे आली, आणि क्षेत्रफळाने पुणे मुंबईलाही मागे टाकून गेले. गावे हद्दीत आली, पण जलवाहिन्या आणि मैलापाण्याच्या नळ्या त्यांच्या मागोमाग आल्या नाहीत. महापालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असे हमीपत्र बिल्डरने द्यायचे आणि त्यावर परवानगी मिळायची, ही रीत पडली. काही वर्षांनी बिल्डर सोसायटी हस्तांतरित करून जातो आणि टँकरची बिले सदनिकाधारकांच्या देखभाल शुल्कात येतात. नव्या प्रकल्पाला विरोध करणारे रहिवासी बहुतेकदा हीच बिले भरत असतात. आपल्यानंतर येणाऱ्यांचे पाणी कोठून येणार, हा त्यांचा प्रश्न निव्वळ स्वार्थाचा ठरवून निकालात काढता येत नाही.

दुसरा प्रश्न ओढ्यांचा. शेतात पाऊस मुरतो, बांधाला अडतो आणि उरलेले पाणी ओढ्याने सावकाश जाते. शेत भरून घेऊन, काँक्रीट करून, ओढा पाइपात घातला की तेच पाणी एकदम खाली येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले, ते शहराने प्रत्यक्ष भोगले आहे.

मग हरकत घ्यायची केव्हा? खरा निर्णय यंत्रे शेतात येण्याच्या कित्येक वर्षे आधी झालेला असतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत लेखी हरकती-सूचना मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते, शेवटी राज्य सरकार मंजुरी देते. जुन्या पुणे शहराच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, २०२१ च्या प्रारूप आराखड्यावरही साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. पण आराखडा नसला तरी बांधकाम थांबत नाही. १९९७ ची प्रादेशिक योजना आहे, तिच्यात एकेका गटाचा झोन बदलण्याची तरतूद आहे, गावठाणालगतच्या शेती विभागात अधिमूल्य भरून निवासी वापराची सोय आहे. या बदलांच्या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येतात, आणि शेजारच्या सोसायटीला त्याचा पत्ता फलक लागल्यावर लागतो. माझ्या मते विरोधाची सारी धग चुकीच्या वेळी खर्च होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

यात शेतकऱ्याची बाजू रहिवाशांनी आजवर पुरेशी ऐकलेली नाही. बीडीपीतील जमीनमालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला गेला, तो त्यांना अपुरा वाटला आणि बरीच जमीन आजही ताब्यात आलेली नाही. शेजारच्या गटाला कोट्यवधींचा भाव मिळत असताना आपल्या गटावरचा हिरवा रंग कायम राहावा, असे कोणता शेतकरी म्हणेल? कालव्याचे आवर्तन शहराची गरज भागल्यावर मिळते, मजूर मिळत नाहीत, चारी बाजूंनी इमारती झाल्यावर पिकाची राखणही अवघड होते. म्हणून समाविष्ट गावांच्या नव्या आराखड्यात बागायती जमिनीला टेकड्यांसारखे स्पष्ट प्रयोजन, ओढ्यांची मोजून आखलेली हद्द आणि शेती राखणाऱ्याला रोखीत मोबदला, या तीन गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. आणि ती मागणी सोसायट्यांनी गावकऱ्यांच्या सोबत बसून, आराखडा प्रसिद्ध होण्यापूर्वी लेखी दिली पाहिजे.