सुपरमार्केटचं डिझेल हलक्या दर्जाचं असतं का?

ब्रिटनमध्ये नव्याने गाडी घेतलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो : टेस्को-अ‍ॅस्डासारख्या सुपरमार्केटच्या पंपावर डिझेल भरू नका, लिटरमागे चार पेन्स जास्त गेले तरी चालेल, पण शेल, बीपी नाहीतर एसो या तेल कंपन्यांचंच टाका. तिथल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की शंका घ्यायला जीभ रेटत नाही. शंका घ्यायला मात्र हवी. ब्रिटनमधलं 40 टक्क्यांहून जास्त इंधन सुपरमार्केटच्या पंपांवर विकलं जातं. ते इंजिनाला घातक असतं, तर गॅरेजवाल्यांच्या आणि गाड्यांना वॉरंटी देणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात हे केव्हाच उघडं पडलं असतं.

मुळात टेस्को, अ‍ॅस्डा, सेन्सबरीज, मॉरिसन्स यांच्यापैकी कोणाचीही स्वतःची रिफायनरी नाही. डिझेल येतं ते फॉली, पेम्ब्रोक, हंबर अशा मोजक्या रिफायनऱ्यांतून आणि परदेशातून येणाऱ्या जहाजांतून. लिव्हरपूलजवळची स्टॅनलो रिफायनरी 2011 मध्ये मुंबईच्या एस्सार समूहाने शेलकडून विकत घेतली. या ठिकाणांहून माल पाइपलाइनने, जहाजाने, रेल्वेने मोठ्या डेपोंत जातो. एकाच पाइपलाइनीतून वेगवेगळ्या कंपन्यांचं डिझेल एकामागोमाग वाहतं आणि पुष्कळदा सामाईक टाक्यांत एकत्र होतं. कंपनीने एका टोकाला हजार टन ओतलं, तर दुसऱ्या टोकाला ती हजार टन उचलते, पण ते तिनेच ओतलेलं असेल असं नाही. नंतर त्याच डेपोत वेगवेगळ्या रंगांचे टँकर रांगेने भरले जातात. आपल्याकडेही सरकारी तेल कंपन्या एकमेकींच्या रिफायनऱ्यांतून माल उचलतात. पंप एका कंपनीचा आणि त्यातलं डिझेल दुसरीच्या रिफायनरीतलं, हे अगदी नेहमीचं आहे.

ही सरमिसळ चालते, कारण सगळ्यांना डिझेलसाठीचं एकच युरोपीय मानक पाळावं लागतं : ईएन 590. गंधक दहा लाख भागांत 10 भागांपेक्षा जास्त नको, सीटेन आकडा, म्हणजे डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप, किमान 51 हवा, 15 अंश सेल्सिअसला घनता लिटरमागे 845 ग्रॅमपेक्षा जास्त नको, जैवडिझेल 7 टक्क्यांपर्यंतच चालेल. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल उणे 15 अंशांपर्यंत फिल्टर तुंबू न देता वाहिलं पाहिजे. पाटी टेस्कोची असो वा शेलची, यातल्या एकाही अटीतून सुटका नाही.

या मानकातली एक अट मला फार बोलकी वाटते, ती वंगणक्षमतेची. डिझेल गाडीचा उच्च दाबाचा पंप वेगळ्या तेलावर चालत नाही. त्याच्यातून वाहणारं डिझेलच त्याचं वंगण असतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनने अतिशय कमी गंधकाचं डिझेल बाजारात आणलं. हवा स्वच्छ झाली, पण गाड्यांचे इंधनपंप झिजून निकामी होऊ लागले. गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात धातूला चिकटून त्याचं घर्षण कमी करणारी नैसर्गिक संयुगंही नाहीशी होतात. तेव्हापासून वंगण वाढवणारं रसायन घालणं भाग पडलं आणि त्याची चाचणीही मानकात आली. एक पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून पोलादी चकतीवर घासतात. तिच्यावर पडलेला झिजेचा डाग 460 मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. जैवडिझेलही उत्तम वंगण आहे, एक-दोन टक्के मिसळलं तरी पुरतं. म्हणून ‘स्वस्त डिझेल कोरडं असतं, पंप खातं’ या म्हणण्याला आता आधार उरलेला नाही.

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि तो टँकर भरताना पडतो. मोठ्या कंपन्या त्या क्षणी आपलं खास रसायन सोडतात. प्रमाण असतं दहा लाख भागांत काहीशे भाग, म्हणजे गाडीच्या टाकीमागे दोन-चार चमचे. त्यातला महत्त्वाचा घटक म्हणजे डिटर्जंट. त्याच्या रेणूची लांब शेपटी डिझेलमध्ये विरघळते आणि नायट्रोजन असलेलं डोकं राळेसारख्या चिकट साक्याला धरतं, साबण मळाला धरतो तसं.

हे डिटर्जंट कशाला लागतं, ते सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे पाहिलं की कळतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, ते 2,000 बारच्या आसपासच्या दाबाने (हवेच्या दाबाच्या सुमारे 2,000 पट), मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या छिद्रांतून उडवलं जातं, तेही एका स्फोटासाठी अनेकदा, मोजूनमापून. त्या छिद्रांत पातळ थर जरी साचला तरी फवारा बिघडतो, इंजिनाची ताकद उतरते, धूर वाढतो. डिटर्जंट हे साचणं रोखतं आणि साचलेलं बरंचसं काढतंही. यात विज्ञान खोटं नाही. पण ते सिद्ध कसं करतात तेही पाहावं. युरोपातल्या नेहमीच्या चाचणीत प्यूजोचं दोन लिटरचं इंजिन जड भाराखाली बराच वेळ चालवतात आणि डिझेलमध्ये मुद्दाम थोडं जस्त मिसळतात, कारण जस्तामुळे थर झपाट्याने साचतो. अशा कडक परीक्षेत साधं डिझेल आणि डिटर्जंटवालं डिझेल यांत ठळक फरक दिसतो. तुमच्या गाडीत तो तेवढाच दिसेल, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. शिवाय ही विभागणी ‘सुपरमार्केट विरुद्ध ब्रँड’ अशी होतही नाही. ब्रँडेड पंपावरच साधं आणि महागडं अशी दोन डिझेलं असतात आणि खरा मसाला महागड्यात असतो. उलट कॉस्टकोसारखं स्वस्त दुकानही आपल्या डिझेलमध्ये डिटर्जंट असल्याचं जाहीरपणे सांगतं.

महागड्या डिझेलचा सीटेन आकडाही जास्त असतो. त्याने थंडीत गाडी पटकन सुरू होते, खडखडाट कमी होतो. मात्र त्यातून जास्त ताकद किंवा मोठं अ‍ॅव्हरेज मिळेल अशी आशा धरू नये. लिटरमागची ऊर्जा जवळपास तीच राहते.

लोकांच्या मनातल्या भीतीला एक खरी घटना मात्र कारणीभूत आहे. 2007 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आग्नेय इंग्लंडमध्ये हजारो गाड्या अडखळू लागल्या, बंद पडू लागल्या. टेस्को आणि मॉरिसन्सच्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये सिलिकॉन सापडलं. ते जळलं की त्याचा थर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर बसतो आणि इंजिनाच्या संगणकाला हवा-इंधनाचा अंदाजच येत नाही. नेहमीच्या चाचण्यांत सिलिकॉन शोधलंच जात नव्हतं. माग काढता काढता तपास एसेक्समधल्या एका डेपोपर्यंत गेला. म्हणजे दोष स्वस्ताईत नव्हता, पुरवठ्याच्या साखळीत होता, आणि तशी साखळी प्रत्येक पाटीमागे असते. डिझेल नव्हे, पेट्रोल नासलं होतं, हेही आता बहुतेकांच्या लक्षात नाही.

डिझेलच्या बाबतीत मी पाटीपेक्षा पंपावरच्या वर्दळीकडे पाहीन. जमिनीखालच्या टाकीत तळाशी पाणी साचतं, जैवडिझेल ओलावा ओढून घेतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून त्यांचा गाळ फिल्टरमध्ये येतो. माल पडून राहिला तर हे जास्त होतं. सुपरमार्केटच्या टाक्या भराभर रिकाम्या होतात, हा त्यांचा मोठा गुण आहे.

आणि ज्यांची गाडी रोज फक्त दोन-तीन मैल चालते, त्यांची अडचण वेगळीच आहे. धुराड्यातल्या फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जाळायला साधारण 600 अंश तापमान लागतं. ते गाठण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. मध्येच गाडी बंद केली की काजळी तशीच राहते आणि काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. कितीही महाग डिझेल भरलं तरी हे टळत नाही. अशी गाडी अधूनमधून अर्धा तास मोटरवेवर न्यावी आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइल लगेच बदलून घ्यावं.