कमळ, कमल आणि कंप्युटर मास्तर

आमच्याकडे सुदामा नगरला रोज संध्याकाळी एक सीन ठरलेला असतो. भावाची मुलगी, दुसरीत आहे, फोनवरच्या अॅपमध्ये मराठी शब्द वाचत बसते, "कमल" म्हणते, हिरवी टिक येते आणि आतनं आजी ओरडते, "कमळ! ळ म्हण ळ!" त्यावर उत्तर काय तर "आजी, पण हे तर राइट दाखवून राहिलंय." आता ज्या इंदूरात बोर्डांवर होळकरांचं सुद्धा होलकर झालं तिथे पोरीला काय बोलणार. पण फोनला का कळत नाही, हे बघायला म्हणून मी मागे गेले आणि जात जात पार १९६० पर्यंत पोचले.

त्या साली अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत डोनाल्ड बिट्झर आणि मंडळींनी प्लेटो नावाची सिस्टिम सुरू केली, खास शिकवण्यासाठी बनवलेली. तेव्हा शिकवण्याचा जो विचार चालायचा तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर साहेबांचा, छोटा प्रश्न, लगेच उत्तर, बरोबर आलं की शाबासकी, चुकलं की परत. म्हणजे आपली घोकंपट्टीच, फक्त छडी नाही. भाषा शिकवणाऱ्यांना हे पटकन पटलं कारण टेपवाल्या लँग्वेज लॅबमध्ये तेच चालायचं, ऐका आणि म्हणा, पण टेपला तुम्ही काय म्हणालात याचा पत्ता नसायचा, कंप्युटरला निदान टाइप केलेलं तपासता यायचं. १९७२ च्या प्लेटो-४ ला नारिंगी प्लाझ्मा स्क्रीन होता, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, बोट लावलेलं कळायचं (१९७२ ला!), आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की मास्तर लोक हवी ती अक्षरं स्वतः ठिपक्यांनी काढून आत घालू शकायचे, त्यामुळे रशियनसारख्या वेगळ्या लिपीचे धडे सुद्धा झाले.

मग ८० च्या दशकात घरगुती कंप्युटर आले आणि लोक घोकंपट्टीला कंटाळले. जॉन हिगिन्स म्हणून एक इंग्रज मास्तर, त्यांनी १९८३ च्या सुमारास छान भेद केला, की कंप्युटर हा छडीवाला पंतोजी नको, तो पूर्वीच्या ग्रीक घरांतला गडी हवा, जो मुलाला शाळेत पोचवायचा आणि विचारलं तरच बोलायचा.

आपल्याकडे तेव्हा काय? १९८४ ला शाळांत कंप्युटर आणायच्या सरकारच्या क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कंप्युटर मिळाले, पण ते इंग्रजीतच. मराठी शिकवणं लांबच, आधी मराठी अक्षर स्क्रीनवर उमटायला हवं ना! ते काम आयआयटी कानपूरला चाललं होतं, मोहन तांबे वगैरे मंडळींचं जिस्ट, म्हणजे भारतीय लिप्या कंप्युटरवर आणायचं तंत्र, जे पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी कंप्युटर संस्थेत गेलं. भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ चा, आणि इस्की, म्हणजे आपल्या अक्षरांना मशीनमध्ये कुठला आकडा द्यायचा याचं स्टँडर्ड, १९९१ चं. ह्यातली खरी गंमत "शि" या एका अक्षरात आहे. टाइपरायटरवाला आधी वेलांटी मारतो मग श, कारण कागदावर ती डावीकडे दिसते, आणि इस्कीत आधी श मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. पहिल्यात नुसतं चित्र आहे, दुसऱ्यात भाषा आहे. पण ९० च्या दशकात आपण सगळे चित्रावरच राहिलो, प्रत्येक फाँटचा हिशोब वेगळा, लग्नपत्रिकेची फाईल दुसऱ्या दुकानात उघडली की सगळा इंग्रजी चिन्हांचा काला, आणि मशीनच्या लेखी ळ म्हणजे कुठलंतरी इंग्रजी चिन्ह. असं मशीन पोरीची चूक काय डोंबल पकडणार! विंडोज २००० पासून युनिकोडमधलं (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेला हिशोब) मराठी नीट दिसायला लागलं, तेव्हा प्लेटो चाळिशीचा झालेला.

नंतर मात्र धडाधड झालं. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ ला, आणि २०१९ ला गूगलचंच बोलो आलं, पोरांनी मोठ्याने वाचायचं आणि फोनने ऐकायचं, त्यात पुढे मराठी पण.

पण ऐकणाऱ्या मशीनचा स्वभावच वेगळा. ते मुळात बनलं ते बोलणाऱ्याला समजून घ्यायला, तुम्ही थोडं वाकडं बोललात तरी शब्द ओळखण्यातच त्याची हुशारी. शिकवणाऱ्याला नेमकं उलटं लागतं, वाकडं ऐकू आलं पाहिजे. त्यात आमच्या पोरांना लिपी हिंदीमुळे येतेच, अडतं ते ळ वर, चाक आणि चार मधल्या च वर (लिहायला एकच, बोलायला दोन), आणि नपुंसकलिंगावर, कारण हिंदीत ते नाहीच, म्हणून "माझा घर मोठा आहे". "माझा घर" टाइप करून तपासायला १९७२ चं मशीन सुद्धा पुरलं असतं, पण हिंदी बोलणाऱ्या मराठी पोरांसाठी असा धडा मला तरी अजून सापडला नाही.

आजीने तिच्यापुरता तोडगा काढलाय. "गूळपोळी" नीट म्हटलं तरच गूळपोळी, एका शब्दाला एक, चुकलं की परत. स्किनर साहेब खूष झाले असते. काल दोन मिळाल्या, तिसरीला "गुलपोली" झालं.